तीन कॉपी आहेत हो, पण नक्की कुठे?

तुम्ही फोनवरून फोटो अपलोड करता. गोल फिरतो, टिक येते. मग फोनमधला फोटो उडवता, कारण ‘स्टोरेज फुल’चा मेसेज आठवडाभर छळत असतो. मनात एकच भरवसा असतो: फोटो क्लाउडवर आहे आणि तिथे म्हणे प्रत्येक फाइलच्या तीन कॉपी असतात.

मीही लोकांना अगदी हेच सांगायचे. माझं कामच सर्व्हरवरचं स्टोरेज सांभाळण्याचं. ‘एक डिस्क गेली तरी काही होत नाही, तीन कॉपी आहेत,’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. मग एका संध्याकाळी एक रॅक बंद पडला. तीन कॉपी असूनही आमचं ॲप पन्नास मिनिटं ठप्प झालं.

कॉपी तीनच होत्या. चूक होती ती कॉपी कुठे ठेवायच्या हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये. आज ते सेटिंग काय असतं, ते कसं बदलतात आणि बदलताना काय सांभाळावं लागतं, ते बघूया. सर्व्हरचा अनुभव नसला तरी चालेल.

त्या संध्याकाळी काय झालं?

मी तेव्हा ज्या कंपनीत होते, तिथे एका शिकवणी ॲपचा डेटा आमच्याकडे असायचा. शिक्षकांचे व्हिडिओ आणि मुलांनी फोनवर काढून पाठवलेले उत्तरपत्रिकांचे फोटो. एकूण ९ सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या ६ डिस्क. म्हणजे ५४ डिस्क, २१६ टीबी जागा. प्रत्येक गोष्टीच्या तीन कॉपी, म्हणून खऱ्या डेटासाठी त्याच्या एक तृतीयांश, ७२ टीबी. हे ९ सर्व्हर ३ रॅकमध्ये बसवलेले होते, प्रत्येक रॅकमध्ये ३. रॅक म्हणजे लोखंडी कपाटच. त्यात सर्व्हर एकावर एक सरकवतात आणि वीज व नेटवर्क सगळ्यांना मिळून येतं.

एका रॅकला वीज देणारा यूपीएस बंद पडला. प्रत्येक सर्व्हरला वीजपुरवठ्याच्या दोन वायरी होत्या, पण दोन्ही फिरून त्याच यूपीएसला जोडलेल्या! दुचाकीची किल्ली आणि स्पेअर किल्ली एकाच कीचेनला लावावी, तसं. तीन सर्व्हर एकदम गेले.

ॲपवर मुलांची चाचणी सुरू होती. उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवताना पाचापैकी एखादा अडकत होता. व्हिडिओ मात्र एकही शेवटपर्यंत चालेना. थोड्या वेळाने अडकलेल्या विनंत्यांचा ढीग साचला आणि सगळंच थांबलं.

वरून फोन सुरू झाले. मी स्क्रीनसमोर बसून एक घातक सेटिंग बदलायच्या बेतात होते. टीममधले एक सीनियर मागून म्हणाले, ‘‘अगं थांब. वीज परत येईल. गेलेला डेटा परत येणार नाही.’’ ते सेटिंग कोणतं, हे पुढे सांगते. आधी यंत्रणा समजून घेऊ.

सेफ नावाचा ऑक्टोपस

आमच्याकडे जे सॉफ्टवेअर होतं त्याचं नाव सेफ. इंग्रजीतल्या ‘सुरक्षित’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. सेफॅलोपॉड म्हणजे ऑक्टोपस, माकूळ यांच्या वर्गाचं जे नाव, त्यावरून ते आलंय. म्हणूनच त्याच्या आवृत्त्यांची नावंही समुद्रातली किंवा तशाच वळणाची आणि अक्षरांच्या क्रमाने असतात: आर्गोनॉट, बॉबटेल, पुढे नॉटिलस, ऑक्टोपस, पॅसिफिक, क्विन्सी, रीफ, स्क्विड.

सेज वाइल याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएचडी करताना हे सुरू केलं. सेफचा आणि त्यातल्या डेटा वाटणाऱ्या पद्धतीचा असे दोन शोधनिबंध २००६ मध्ये आले. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरू शकतं. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळाही ते वापरते.

कल्पना साधी आहे. एक महागडं स्टोरेज यंत्र घेण्याऐवजी बरेच साधे सर्व्हर घ्या आणि त्या सगळ्यांच्या डिस्क मिळून एक मोठी डिस्क असल्यासारखं वापरा. अशा गटाला क्लस्टर म्हणतात. सेफमध्ये प्रत्येक डिस्कसाठी एक छोटा प्रोग्रॅम चालतो, त्याला ओएसडी म्हणतात. कोण चालू आहे, कोण बंद आहे, याचा नकाशा ठेवणारे वेगळे प्रोग्रॅम असतात, ते मॉनिटर.

रजिस्टर नाही, हिशोब आहे

आता खरा प्रश्न. कोट्यवधी फाइली आणि ५४ डिस्क. कुठली फाइल कुठे आहे, हे लक्षात कोण ठेवतं?

सोपा मार्ग म्हणजे रजिस्टर. प्रत्येक फाइलची नोंद आणि समोर डिस्कचा नंबर. पण मग प्रत्येक वेळी ते रजिस्टर उघडावं लागणार, तिथे रांग लागणार, आणि रजिस्टरच हरवलं तर सगळंच गेलं.

सेफने दुसरा मार्ग घेतला. शाळेत परीक्षेला फळ्यावर लिहिलेलं असतं: ‘क्रमांक १ ते ४० खोली ५, ४१ ते ८० खोली ६.’ तुमचा क्रमांक ५७ असेल तर शिपायाला विचारायची गरज नाही. नियम माहीत आहे, क्रमांक माहीत आहे, खोली तुम्हीच काढता. सेफमध्ये असंच होतं. फाइलचं नाव, क्लस्टरचा नकाशा आणि नियम, एवढ्यावरून डेटा मागणारा प्रोग्रॅम स्वतःच गणित करून डिस्क शोधतो. या गणिताचं नाव क्रश. पूर्ण नाव ‘कंट्रोल्ड रेप्लिकेशन अंडर स्केलेबल हॅशिंग’. नाव विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते इतकंच की नकाशा आणि नियम तेच असतील तर उत्तर दरवेळी तेच येतं.

गणित दोन पायऱ्यांत होतं.

पहिली पायरी: मोठ्या फाइलचे तुकडे होतात, सहसा ४ एमबीचे. प्रत्येक तुकड्याच्या नावावरून एक आकडा काढतात आणि त्यानुसार तुकडा एका गठ्ठ्यात जातो. या गठ्ठ्याला प्लेसमेंट ग्रुप किंवा पीजी म्हणतात. आमच्याकडे असे २,०४८ गठ्ठे होते. कोट्यवधी तुकड्यांऐवजी फक्त २,०४८ गठ्ठे सांभाळायचे, म्हणून ही सोय.

दुसरी पायरी: प्रत्येक गठ्ठा कुठल्या तीन डिस्कवर जाईल, हे क्रश ठरवतं. जणू डिस्का आपापली काडी पुढे करतात आणि जिची काडी सगळ्यांत लांब ती जिंकते. काडीची लांबी गठ्ठ्याच्या क्रमांकावरून येते, आणि डिस्क मोठी असेल तर तिची काडी लांब निघण्याची शक्यता जास्त. या पद्धतीचं नावच ‘स्ट्रॉ-टू’ आहे. स्ट्रॉ म्हणजे काडी. २०१५ च्या हॅमर आवृत्तीत ती आली. तिचा फायदा असा की एका डिस्कचं वजन बदललं तर फक्त त्या डिस्ककडे किंवा तिच्याकडून डेटा हलतो. बाकीच्यांच्या काड्या जशा होत्या तशाच राहतात.

नकाशात असतं काय?

क्रशच्या नकाशात तीन गोष्टी असतात आणि सेटिंग म्हणून आपण बदलतो त्या ह्याच.

पहिली, झाड. सगळ्यात वर मूळ, त्याखाली रॅक, रॅकखाली सर्व्हर, सर्व्हरखाली डिस्क. मोठ्या ठिकाणी रॅकच्या वर खोली, इमारत असंही असतं. रॅक आपोआप झाडात येत नाहीत. सर्व्हर कुठे ठेवलाय हे सॉफ्टवेअरला दिसत नाही ना, ते माणसाने सांगावं लागतं.

दुसरी, वजन. पद्धत अशी की डिस्कची जागा टेबिबाइटमध्ये मोजून तोच आकडा वजन म्हणून द्यायचा. ४ टीबीची डिस्क म्हणजे साधारण ३.६४. ८ टीबीची ७.२८, म्हणजे तिच्याकडे दुप्पट डेटा येणार. आणि दुप्पट कामही येणार, हे लोक विसरतात.

तिसरी, नियम. ‘मुळापासून सुरू कर, तीन वेगवेगळे सर्व्हर निवड, प्रत्येकातली एक डिस्क घे.’ ह्यातला ‘सर्व्हर’ हा एक शब्द म्हणजे आजच्या लेखाचा विषय. त्याला फेल्युअर डोमेन म्हणतात. मराठीत सांगायचं तर, जे सगळं एकदम बंद पडू शकतं तो एक घटक. सेफमध्ये आपण काहीच बदललं नाही तर हा शब्द ‘सर्व्हर’ असतो. म्हणजे तीन कॉपी तीन वेगळ्या सर्व्हरवर जातील याची हमी, पण ते तीनही सर्व्हर एकाच रॅकमध्ये असले तरी क्रशची काही हरकत नाही.

आमच्या झाडात रॅक नव्हतेच. मुळाखाली थेट ९ सर्व्हर.

आता गणित करून बघा

९ सर्व्हरमधून ३ निवडायचे ८४ प्रकार आहेत. अकरावीतलं कॉम्बिनेशन आठवा. त्यातल्या २७ प्रकारांत तीन कॉपी तीन वेगळ्या रॅकमध्ये जातात. ५४ प्रकारांत दोन कॉपी एकाच रॅकमध्ये येतात. आणि उरलेल्या ३ प्रकारांत तिन्ही एकाच रॅकमध्ये.

म्हणजे दर तीन गठ्ठ्यांमागे दोन गठ्ठ्यांच्या बाबतीत ‘तीन वेगळ्या ठिकाणी’ हे खरं नव्हतंच. आणि मी मीटिंगमध्ये काय सांगत होते!

आता एक ठरावीक रॅक गेला असं धरा. ८४ पैकी एका प्रकारात तिन्ही कॉपी त्याच रॅकमध्ये. २,०४८ गठ्ठ्यांत असे साधारण २४. आणखी १८ प्रकारांत दोन कॉपी त्या रॅकमध्ये, म्हणजे फक्त एकच कॉपी जिवंत. असे साधारण ४३९.

एक कॉपी शिल्लक असताना काम का थांबलं? कारण सेफमध्ये दोन आकडे असतात. साइझ ३ म्हणजे एकूण कॉपी. मिन-साइझ २ म्हणजे किमान इतक्या कॉपी चालू असतील तरच लिहू-वाचू देईन. एकाच कॉपीवर नवीन डेटा लिहिला आणि तेवढ्यात तीच डिस्क गेली, तर तो डेटा कायमचा गेला. म्हणून सेफ त्या गठ्ठ्याचं काम थांबवतं.

मी त्या संध्याकाळी बदलणार होते ते सेटिंग हेच. मिन-साइझ २ वरून १. ॲपचा बराचसा भाग लगेच सुरू झाला असता. पण मुलांच्या उत्तरपत्रिका एकेका डिस्कच्या भरवशावर लिहिल्या गेल्या असत्या.

मग फोटो पाचापैकी एकच अडकला आणि व्हिडिओ सगळे का? फोटो ४ एमबीहून लहान, म्हणजे एकच तुकडा. तो थांबलेल्या साधारण २३ टक्के गठ्ठ्यांत पडला तरच अडकणार. २०० एमबीच्या व्हिडिओचे मात्र ५० तुकडे. पन्नासही तुकडे चालू गठ्ठ्यांतच पडतील, याची शक्यता जवळपास शून्य.

आणि सगळ्यात घाबरवणारा हिशोब मी त्या रात्री घरी जाऊन केला. त्या रॅकमध्ये वीज जाण्याऐवजी आग लागली असती तर? तिन्ही कॉपी तिथेच असलेले २४ गठ्ठे कायमचे गेले असते. डेटाच्या हिशोबाने जेमतेम सव्वा टक्का. पण ५० तुकड्यांच्या व्हिडिओंपैकी साधारण ४५ टक्के व्हिडिओंचा निदान एकेक तुकडा त्यात असता. निम्म्याच्या जवळपास व्हिडिओ फुटके.

आमच्या नशिबाने ती फक्त वीज होती. मॉनिटर तीन रॅकमध्ये एकेक ठेवलेले होते म्हणून क्लस्टर शुद्धीवर राहिलं. डिस्क बंद पडली की दहा मिनिटांनी सेफ तिला कामातून काढतं आणि तिचा डेटा दुसरीकडे तयार करायला घेतं. वीज येणार हे माहीत असल्यामुळे ते होऊ नये म्हणून आम्ही ‘नोआउट’ हा थांबा लावला. पन्नास मिनिटांनी रॅक चालू झाला आणि सगळे गठ्ठे परत आले.

सेटिंग एका शब्दाचं, काम सहा दिवसांचं

उपाय कागदावर सोपा होता. झाडात रॅक घाला आणि नियमातला ‘सर्व्हर’ शब्द बदलून ‘रॅक’ करा. पण डेटाची जागा गणिताने ठरते ना? मग गणित बदललं की उत्तरं बदलली. क्लस्टरला लगेच वाटायला लागतं की निम्म्याहून जास्त डेटा चुकीच्या जागी आहे, आणि तो हलवायला सुरुवात होते.

इथे माझी पहिली चूक सांगते. घाईत मी ‘रॅक १’ नावाची बकेट बनवली. बकेट म्हणजे झाडातली एक फांदी. तिच्यात एक सर्व्हर हलवला, पण ती फांदी मुळाशी जोडायचीच विसरले. नियम सुरू होतो मुळापासून. त्या दृष्टीने एक अख्खा सर्व्हर झाडावरून नाहीसा झाला. क्लस्टर त्याचा डेटा दुसरीकडे न्यायला लागलं. स्क्रीनवरचा आकडा चढताना पाहून माझ्या पोटात गोळा आला.

सर्व्हर परत मूळ जागी ठेवला आणि दोन मिनिटांत सगळं शांत. नकाशा पूर्वीसारखा झाला म्हणून गणिताचं उत्तरही पूर्वीसारखं झालं. हलवलेला थोडा डेटा सोडला तर बाकीचा अजून जुन्याच जागी होता. रजिस्टरऐवजी हिशोब असण्याचा हा फायदा मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

दुसऱ्या वेळी काम क्रमाने केलं:

१. आधी कागदावर. चालू नकाशाची प्रत काढून घेतली. सेफसोबत क्रशटूल नावाचं साधन येतं. ते नकाशाचं साध्या मजकुरात रूपांतर करतं. त्यात तीन रॅक लिहिले, ते मुळाशी जोडले, त्याखाली सर्व्हर ठेवले आणि नवीन नियम लिहिला.

२. लुटुपुटुची परीक्षा. त्याच साधनाला सांगितलं की २,०४८ आकडे घे आणि प्रत्येकासाठी तीन डिस्क काढून दाखव. प्रत्येकाला तीन वेगळे रॅक मिळाले का, एखाद्याला दोनच डिस्क मिळाल्या का, हे खऱ्या डेटाला हात न लावता कळतं. ही पायरी कधीच गाळू नका.

३. थांबा लावला. ‘नोरिबॅलन्स’ नावाचा झेंडा लावला. याचा अर्थ, नवीन जागा ठरवा पण डेटा हलवू नका. जागांचा आपोआप समतोल राखणारा बॅलन्सरही तेवढ्यापुरता बंद केला.

४. सगळे बदल एकदम. नवीन नकाशा चढवला आणि डेटाला नवीन नियम लावला. एकेक सर्व्हर हलवून मध्ये मध्ये डेटा फिरू दिला असता, तर तोच डेटा दोन-तीनदा इकडून तिकडे गेला असता.

५. थांबा काढला, पण हळू. भरलेली जागा १२० टीबी. त्यातला साधारण ६० टक्के, म्हणजे ७२ टीबी हलवायचा होता. सेकंदाला ३०० एमबी धरले तरी सलग पावणेतीन दिवस. दिवसा मुलं ॲप वापरतात, म्हणून दिवसा गती कमी आणि रात्री जास्त ठेवली. क्विन्सी आवृत्तीपासून सेफमध्ये यासाठी तयार प्रोफाइल असतात: वापरणाऱ्यांना प्राधान्य, दुरुस्तीला प्राधान्य किंवा मधलं. एकूण सहा दिवस लागले.

त्या सहा दिवसांत दोन शब्दांवर माझी नजर होती. ‘मिसप्लेस्ड’ म्हणजे कॉपी तिन्ही आहेत, फक्त जुन्या जागी आहेत. ‘डिग्रेडेड’ म्हणजे कॉपी कमी आहेत. डेटा हलवताना नवीन कॉपी पूर्ण झाल्याशिवाय सेफ जुनी पुसत नाही. म्हणून मिसप्लेस्डचा आकडा मोठा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. डिग्रेडेड वाढू लागलं तर मात्र जागेवरून उठायचं नाही.

फुकट काहीच मिळत नाही

‘मग सगळ्यांनी सरळ रॅकच ठेवावं की!’ असं वाटेल. पण याची किंमत आहे.

आमचं क्लस्टर ५५ टक्के भरलेलं होतं. जुन्या सेटिंगमध्ये एक सर्व्हर गेला तर त्याचा डेटा उरलेल्या आठांवर वाटला जायचा आणि प्रत्येक जण साधारण ६२ टक्क्यांपर्यंत भरायचा. नवीन सेटिंगमध्ये प्रत्येक रॅकमध्ये एक कॉपी असायलाच हवी. म्हणजे गेलेल्या सर्व्हरचा डेटा त्याच रॅकमधल्या उरलेल्या दोघांवर येणार. ते ८३ टक्क्यांवर जाणार.

सेफ ८५ टक्क्यांना ‘नियरफुल’चा इशारा देतं. ९० ला त्या डिस्कवर डेटा हलवणं थांबवतं. ९५ ला लिहिणंच बंद. म्हणजे आम्ही इशाऱ्याच्या अगदी उंबरठ्यावर. त्या महिन्यात मला नवीन डिस्क मागायचा अर्ज करावा लागला, आणि त्यात हेच गणित लिहिलं.

दुसरं, तीन कॉपी आणि तीनच रॅक असतील तर रॅक गेल्यावर तिसरी कॉपी तयार करायला चौथी जागाच नसते. तो रॅक परत येईपर्यंत दोन कॉपींवरच काम चालतं. तिसरं, तिन्ही रॅकची जागा सारखी हवी. एक रॅक लहान असेल तर तोच आधी भरेल आणि बाकीच्यांत जागा असूनही उपयोग होणार नाही.

म्हणून सगळेच हा नियम सारखा ठेवत नाहीत. हडूपच्या एचडीएफएस या प्रणालीत ठरलेली पद्धत अशी की लिहिणारा स्वतः क्लस्टरमधलाच सर्व्हर असेल तर एक कॉपी त्याच्यावरच, दुसरी वेगळ्या रॅकमध्ये आणि तिसरी त्या दुसऱ्याच रॅकमधल्या आणखी एका सर्व्हरवर. तीन कॉपी, दोन रॅक. यात रॅकमधली नेटवर्कची ये-जा कमी होते. घरात दोन जुने पीसी जोडून प्रयोग करत असाल तर रॅकचा विषयच नाही. तिथे ‘सर्व्हर’ हाच योग्य शब्द.

दोन महिन्यांनी आम्ही मुद्दाम एका रात्री नोआउट लावून एका रॅकची वीज बंद केली. वीस-पंचवीस सेकंद सगळं अडखळलं, कारण डिस्क खरंच गेली आहे हे ठरवायला क्लस्टरला तेवढा वेळ लागतो. मग व्हिडिओ चालू लागला. प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन कॉपी जिवंत होत्या, एकही गठ्ठा थांबला नाही. मी तेव्हा माझ्या फोनवर ॲप उघडून बसले होते. व्हिडिओ पुढे सरकला तेव्हा कुठे श्वास सोडला.

आता तुमच्या फोनकडे या

हे सगळं तुमच्याही कामाचं आहे. फोटो फोनमध्ये आहे आणि त्याच फोनच्या मेमरी कार्डवर आहे, म्हणजे दोन कॉपी झाल्या. पण फोन लोकलमध्ये मारला गेला तर दोन्ही गेल्या. फोटो लॅपटॉपवर आणि हार्ड डिस्कवर आहे, पण दोन्ही एकाच बॅगेत असतील तर? कॉपी मोजून उपयोग नाही. ‘कुठली एक गोष्ट घडली तर ह्या सगळ्या एकदम जातील?’ हा प्रश्न विचारा.

आणखी एक. क्लाउडवरच्या तीन कॉपी म्हणजे बॅकअप नाही. तुम्ही चुकून फोटो डिलीट केला तर तो तिन्ही ठिकाणांहून इमानदारीत डिलीट होतो. त्या कॉपी यंत्र बिघडलं तर वाचवतात, तुमच्या बोटापासून नाही. म्हणून जुना सोपा नियम पाळा: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

थोडक्यात

- सेफसारख्या प्रणालीत डेटाची जागा नोंदवहीत नसते, ती गणिताने काढली जाते.
- किती कॉपी, याइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या कशापासून वेगळ्या ठेवल्या आहेत: डिस्क, सर्व्हर, रॅक की इमारत.
- हे सेटिंग बदललं की डेटा हलतो. आधी प्रतीवर तपासा, थांबा लावा, सगळे बदल एकदम करा, मग हळूहळू हलू द्या.
- जास्त सुरक्षित सेटिंगला जास्त मोकळी जागा लागते. ती आधी मोजा.
- घाबरून मिन-साइझ १ करू नका.

आता मीटिंगमध्ये कुणी ‘तीन कॉपी आहेत ना?’ असं विचारलं की मी हो म्हणते, आणि सोबत झाडाचा नकाशा उघडून दाखवते.